लडाखची राईड ठरली, पण सोबत कोण? अनोळखी लोकांमधून सोबती शोधायची पूर्ण पद्धत

मार्च-एप्रिल आला की पुण्या-मुंबईच्या रायडर लोकांत एकच रडगाणं ऐकू येतं, लडाख फिक्स आहे, गाडी तयार आहे, रजा पण मिळेल, फक्त सोबत कोणी नाहीये. दिवाळीत ग्रुपवर आठ जण "मी येणारच" म्हणालेले असतात, मग एकाचं लग्न ठरतं, एकाला रजा मिळत नाही, एक जण गाडीच विकून टाकतो आणि जूनपर्यंत तुम्ही एकटे उरता. हे सगळीकडेच होतं, त्यामुळे मित्रांवर रागावू नका, पण त्यांच्या भरवशावर दोन-तीन सीझन वाया पण घालवू नका. अनोळखी लोकांमधून चांगला सोबती नक्की मिळतो, फक्त शोधाला दोन-तीन महिने द्यावे लागतात आणि थोडं रीतसर शोधावं लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समोरचा किती भारी चालवतो, किती हजार किलोमीटर मारलेत, हे नंतर बघा. आधी हे बघा की हा माणूस "माझं डोकं दुखतंय", "मी दमलोय", "मला ह्या पाण्यातून गाडी घालायची भीती वाटते" हे खरं आणि वेळेवर बोलतो का. पंधरा-सोळा हजार फुटांवर एकाने लपवलेली डोकेदुखी सगळ्या ग्रुपच्या अंगाशी येते.

आधी स्वतःचा प्लॅन कागदावर आणा

"कोणी येतंय का लडाखला?" असं विचारलं की शंभर जण हो म्हणतात आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. तुमचं स्वतःचं काय ठरलंय ते आधी लिहून काढा. तारखा, किती दिवस, कुठल्या रस्त्याने, रोज किती किलोमीटर, किती पैसे.

रस्त्याचा प्रश्न पहिला. पुण्याहून गाडी चालवत जाणार की गाडी ट्रेनने पार्सल करून दिल्ली किंवा जम्मूपासून सुरू करणार, इथेच लोकांचे दोन गट पडतात आणि हे दोन गट एकत्र नेण्याचा प्रयत्न करू नका, कारण एक जण दीड-दोन हजार किलोमीटर चालवून थकून आलेला असतो आणि दुसरा ताजातवाना उतरून म्हणतो चला उद्या पहाटे निघू. पुणे ते लेह एका बाजूचं अंतर रस्त्याप्रमाणे साधारण अडीच ते पावणेतीन हजार किमी पडतं, म्हणजे जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून १८ ते २१ दिवस हातात हवेत. ज्याच्याकडे १२च दिवस आहेत तो कितीही चांगला माणूस असला तरी ह्या राईडचा सोबती नाही.

मग श्रीनगरकडून चढायचं की मनालीकडून. मी कायम श्रीनगरकडून जा आणि मनालीकडून उतरा असंच सांगतो. श्रीनगर साधारण १६०० मीटरवर, कारगिल २७०० च्या आसपास, लेह ३५०० मीटर, म्हणजे झोपायची उंची हळूहळू वाढते आणि शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो. मनालीकडून चढलात तर मनाली २००० मीटरला आणि मध्ये बऱ्याच जणांचा मुक्काम पडतो तो सरचूला, ४३०० मीटरच्या जवळपास. तंबूतली ती रात्र नवख्या माणसाला फार जड जाते. डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे, ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. हे ज्याला पटत नाही, "काही होत नाही रे, पाणी प्यायचं" म्हणतो, त्याचं नाव तिथेच खोडा.

किती जण?

चार. तीन चालतील. दोघं असाल तर एक आजारी पडला की दुसरा मदत आणायला पण जाऊ शकत नाही आणि सोडून पण जाऊ शकत नाही. चार असले की एक बंद गाडीपाशी थांबतो, एक आजारी माणसाबरोबर, एक पुढे जाऊन ट्रक थांबवतो किंवा आर्मीच्या पोस्टवर सांगतो. रूमचं गणितही दोन-दोनचं बसतं. पाचच्या वर गेलात की प्रत्येक चहाचा अर्धा तास होतो, पेट्रोल पंपावर वीस मिनिटं जातात, एकाला फोटो काढायचा असतो, एकाचं सामान सैल झालेलं असतं आणि दुपारचे तीन वाजले तरी निम्मं अंतर बाकी असतं. दहा-बारा जणांचा ग्रुप हवाच असेल तर पैसे भरून ऑर्गनाइज्ड राईडला जा, तिथे मेकॅनिक आणि बॅकअप गाडी असते.

शोधायचं कुठे

सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमचा मेकॅनिक. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, गल्लीतला तो गॅरेजवाला ज्याच्याकडे लोक लांबच्या राईडआधी गाडी दाखवायला येतात. यंदा कोण चेन-स्प्रॉकेट बदलून घेतंय, कोण कॅरिअर बसवतंय, कोणाच्या गाडीला नवे टायर पडलेत हे त्याला माहीत असतं, आणि कोण गाडीची काळजी घेतो हे तर त्याच्यापेक्षा जास्त कोणालाच माहीत नसतं. त्याला सरळ सांगून ठेवा, "दादा, जूनमध्ये लडाखला निघतोय, असं कोणी असेल तर माझा नंबर द्या."

दुसरी जागा शोरूमच्या रविवारच्या ब्रेकफास्ट राईड. तिथे शंभर किलोमीटरमध्येच कळतं कोण लेन तोडतो आणि कोण शांत चालवतो. तिसरी, ट्रेकिंगचे ग्रुप. ह्यांच्याकडे लोक लक्ष देत नाहीत पण मला विचाराल तर सह्याद्रीत पावसात भिजत ट्रेक केलेला साधा बाईकवाला हा नुसत्या हायवेवर पळवणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला सोबती असतो, त्याला थंडी, ओले बूट, रात्रीची खिचडी आणि ठरलेल्या वेळेला उठणं ह्याची सवय असते. नोव्हेंबरात गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डचा मोटोव्हर्स हा रायडर लोकांचा मेळावा होतो, पूर्वी ज्याला रायडर मेनिया म्हणायचे, तिथे पुढच्या वर्षीच्या राईडचे बेत शिजतात, ओळखी करायला चांगलं ठिकाण आहे. मुलींसाठी द बायकरणी आहे, २०११ साली सुरू झालेला फक्त बाईक चालवणाऱ्या बायकांचा ग्रुप, तिथे विचारलं तर अनुभवी बायका मिळतात.

आणि सोशल मीडियावरचे राईडचे ग्रुप आहेतच. तिथे लिहायचं असेल तर असं लिहा:

"मंडळी, पुणे–उदयपूर–अमृतसर–श्रीनगर–लेह आणि परत मनालीमार्गे. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य, २० दिवस, दोन दिवस मागेपुढे चालेल. मैदानात रोज ४५०-५००, डोंगरात १५०-२००. अंधार पडला की गाडी बंद. माझी हिमालयन ४११ आहे, हायवेला ८५-९० ने चालवतो. साध्या रूम, दोघांत एक, टीटीएमएम (तू तुझं, मी माझं). लेहला पोचल्यावर दोन दिवस पूर्ण आराम. संध्याकाळी मुक्कामाला पोचेपर्यंत दारू नाही. एकूण चार जण, दोन झालेत. मे महिन्यात कोकणात तीन दिवसांची ट्रायल राईड आहे, ती केल्याशिवाय फायनल नाही."

ह्यातली प्रत्येक ओळ कोणाला तरी गाळते आणि तेच हवंय. वेगाची ओळ ताशी १२० वाल्यांना गाळते. ट्रायलची ओळ तर जवळजवळ सगळ्यांनाच. पन्नास लाइक येतील, दहा जण इनबॉक्समध्ये येतील, त्यातले चार फोन उचलतील, त्यातून एखादा मिळाला तरी पोस्टचं काम झालं.

पहिला फोन, पहिला चहा

फोनवर गाडीच्या सीसीवर गप्पा मारत बसू नका. विचारायचे प्रश्न साधे असतात. सकाळी किती वाजता उठतोस? हा प्रश्न बारीक वाटतो पण मनाली-लेह रस्त्यावर बर्फ वितळून जे नाले रस्त्यावरून वाहतात ते सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी ऊन चढलं की गुडघ्यापर्यंत येतात, त्यामुळे ज्याला साडेनऊला अंघोळ करून निघायचं असतं त्याच्यामुळे सगळ्यांना भर दुपारच्या पाण्यात गाड्या घालाव्या लागतात. घोरतोस का, नॉनव्हेज खातोस का, घरच्यांना सांगितलंय का, रजा मंजूर झाली का की अजून साहेबांना विचारायचंय.

आणि एक प्रश्न नक्की: मागच्या ग्रुप राईडला काय बिनसलं होतं? उत्तर लक्ष देऊन ऐका. "सगळे फालतू होते, मी एकटाच पुढे निघून गेलो" म्हणणारा तुम्हालाही झोजी-लाच्या (श्रीनगर-कारगिल रस्त्यावरची खिंड) चिखलात सोडून जाईल. "माझी चेन सैल झाली होती, सगळ्यांना दोन तास थांबावं लागलं, तेव्हापासून आदल्या रात्री चेक करतो" म्हणणारा घ्या.

भेटायला गाडी घेऊन या म्हणावं, हॉटेलात पब्लिकमध्ये भेटा, आणि चहा घेताना गाडीकडे नजर टाका. चेन कोरडी आणि गंजलेली, मागचा टायर सपाट झालेला, एक आरसा काढून टाकलेला, इंडिकेटर बंद... हे सगळं दिसलं तर तोंडी गप्पा कितीही गोड असोत, नको. आरसा नसलेला तर अजिबात नको, ग्रुपमध्ये मागच्यावर लक्ष ठेवायचं ते आरशातूनच.

कागद पण बघा, लाजू नका. आरसी त्याच्याच नावावर आहे का? मित्राची किंवा मनालीहून भाड्याने घेतलेली गाडी आणणार असेल तर आधीच बोला, कारण लडाखबाहेरच्या भाड्याच्या गाड्या तिथले युनियनवाले नुब्रा खोरं आणि पँगाँग तलावाकडे फिरवू देत नाहीत, मग एकाला लेहमध्ये वेगळी गाडी भाड्याने घ्यावी लागते आणि त्या खर्चावरून वाद होतात. इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स, आधारचा फोटो, रक्तगट, घरच्या दोन माणसांचे नंबर एकमेकांना द्या आणि सगळ्यांच्या घरी पण द्या. मुलींनी अनोळखी ग्रुपबरोबर जाताना एवढं करूनही रूम वेगळी, लाइव्ह लोकेशन घरी आणि मधूनच बाहेर पडावं लागलं तर परत येण्यापुरते पैसे स्वतःच्या खात्यात, हे धरूनच चालावं, आणि ग्रुपमधल्या पुरुषांनी ह्यावर तोंड वाकडं करायचं काही कारण नाही, जो करेल तो ग्रुपमध्ये नकोच.

ट्रायल राईड, आणि ती पण त्रासाची

लोणावळ्याला जाऊन मिसळ खाऊन आलात तर काही कळत नाही. तीन दिवस द्या आणि मे महिन्याच्या उकाड्यात कोकण करा. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळहून पुन्हा बोटीने धोपावे आणि गुहागरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी तवसाळ-जयगड तिसरी बोट, गणपतीपुळे, आणि आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे त्याच दिवशी घरी. शेवटचा दिवस मुद्दाम लांब ठेवायचा, कारण माणूस खरा कसा आहे ते दमल्यावर कळतं.

ह्या रस्त्यात सगळं आहे. अरुंद चढ-उतार, गुगलने चुकवलेली वळणं, आणि बोटीसाठी उन्हात थांबणं. जेट्टीवर उभं राहून बघत राहा. बोट नुकतीच सुटलीये, पुढची कधी ते नक्की नाही, कोण चिडचिड करतो, कोण सावली शोधून सगळ्यांसाठी पाणी आणतो. मग बोट लागते, लोखंडी रॅम्प ओला असतो, लादलेली गाडी त्यावर चढवताना पुढचं चाक सरकतं, तेव्हा जो स्वतःची गाडी स्टँडवर लावून मागे येतो आणि दुसऱ्याच्या कॅरिअरला हात लावतो, त्याला कधीच सोडू नका. आणि ज्याचा पाय घसरतोय, जो आतून घाबरलाय, तो "जरा धर रे" म्हणतो का तोंड मिटून रेटतो, हे पण बघा. मी सुरुवातीला जे म्हणालो ते इथे दिसतं.

रात्री मुक्कामाला हिशोब करा, मुद्दाम करा. वीस रुपयांवरून कुरकुर करणारा आणि "बघू नंतर" म्हणून पाकीटच न काढणारा, दोघंही वीस दिवस झेपत नाहीत.

ट्रायलनंतर नाही म्हणायचं असेल तर सरळ फोन करून सांगा, "आपला वेग जुळत नाहीये, ह्या राईडला नको." मेसेज वाचून गप्प बसणं, ग्रुपमधून हळूच काढून टाकणं असलं काही करू नका.

पैसे आणि सामान

टीटीएमएम म्हणजे नक्की काय ते लिहून घ्या. मला बरी वाटते ती पद्धत अशी: पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती ज्याची त्याची, रूम-जेवण-चहा कॉमन किटीतून. प्रत्येकाने दोन-दोन हजार काढून एकाकडे द्यायचे, संपले की परत काढायचे, आणि रोज रात्री झोपायच्या आधी तो मोबाईलमध्ये लिहून ग्रुपवर टाकतो. कॅश बरोबर ठेवाच, नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही. गाडी बंद पडली आणि पिकअपमध्ये घालून लेहला न्यावी लागली तर भाडं मालकाचं, पण ग्रुप किती दिवस थांबणार? एक दिवस की दोन? हे पुण्यात बसून ठरवा, मनाली-लेह रस्त्यावरच्या पांगला थंडीत कुडकुडत नाही.

सामान वाटून घ्या. पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर एकाकडे, टूल किट दुसऱ्याकडे, औषधं तिसऱ्याकडे. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, लिव्हर, ब्रेक पॅड मात्र ज्याने-त्याने स्वतःच्या गाडीचे घ्यायचे. गाड्या सारख्या असल्या तर फार सोपं जातं, चार हिमालयन असल्या तर एकच सेट पुरतो. क्लासिक ३५०, एक्सपल्स आणि ३९० ॲडव्हेंचर असं मिश्रण असेल तर ट्यूब कोणाची, ट्यूबलेस कोणाची हे आधी बघा.

पेट्रोलचा हिशोब सगळ्यात छोट्या टाकीवर करायचा. मनालीच्या रस्त्यावर केलाँगच्या अलीकडे टांडीचा पंप आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असा बोर्ड तिथला प्रसिद्ध आहे. लेहकडून उतरताना हाच टप्पा उलटा येतो, म्हणजे लेहजवळच्या कारूला टाकी फुल्ल करून निघायचं. क्लासिकची टाकी १३ लिटरची, उंचीवर आणि खराब रस्त्यात ॲव्हरेज पडतं, म्हणून त्याने पाच लिटरचा कॅन घ्यायचा, आणि त्याचा कॅन वाहायला बाकीच्यांनी मदत करायची.

चार नियम, निघायच्या आधी

जिथे रस्ता फुटतो तिथे थांबायचं, मागचा डोळ्यांना दिसेपर्यंत हलायचं नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं, मग आपोआप सगळी साखळी जुळून राहते. सगळ्यात कच्चा रायडर दुसऱ्या नंबरवर, सगळ्यात अनुभवी शेवटी. लोक उलटं करतात, भारी माणूस पुढे पळतो आणि नवखा मागे एकटा पडतो.

फोन पोस्टपेड हवा. आपल्याकडची प्रीपेड सिमं काश्मीर-लडाखमध्ये चालत नाहीत. ग्रुपमध्ये निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपनीचं पोस्टपेड असू द्या, आणि तरीही मध्ये कित्येक तास रेंज नसते, म्हणून रोज सकाळी निघताना जेवणाचा थांबा आणि रात्रीचा मुक्काम दोन्ही नावानिशी ठरवा. चुकामूक झाली तर जेवणाच्या थांब्यावर थांबायचं, शोधायला उलटं फिरायचं नाही, नाहीतर दोघंही एकमेकांना शोधत फिरतात.

तब्येत. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाने आपलं सांगायचं: डोकं, भूक, झोप, उलटीसारखं होतंय का. नुसतं "ठीक आहे" चालणार नाही. डोकं दुखतंय, जेवण जात नाही, चक्कर येते असं असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. चालताना तोल जातोय, बरळतोय, किंवा बसल्या जागी धाप लागतेय आणि खोकला येतोय, तर चर्चा बंद, लगेच खाली उतरवायचं, रात्र असली तरी, आणि त्याने स्वतः गाडी चालवायची नाही. लेहमध्ये सरकारी एसएनएम हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरांना असे पेशंट रोजचे आहेत. डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष करून, मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका.

आणि चौथा, एकाने "परत फिरू" म्हटलं तर परत फिरायचं. मतदान नाही. लेहहून नुब्राला जाताना लागणाऱ्या खारदुंग-ला खिंडीकडे चाललाय, बर्फ पडायला लागला, चौघांतल्या एकाला नको वाटतंय, बस, गाड्या वळवा. हा नियम ज्याला जाचक वाटतो त्याने दुसरा ग्रुप बघावा, त्यात वाईट काही नाही. पण हा नियम असला की लोक खरं बोलतात, कारण त्यांना माहीत असतं आपल्यावर कोणी हसणार नाही.

एवढं करूनही कोणी मिळालं नाही तर

तरी निघा. गुजरात-राजस्थान-पंजाब एकट्याने आरामात होतं, हायवे आहेत, ढाबे आहेत, पंप आहेत. सोबत खरी लागते ती श्रीनगरच्या पुढे. श्रीनगर किंवा सोनमर्गला संध्याकाळी महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्या कुठल्या ना कुठल्या हॉटेलबाहेर उभ्या दिसतात, एमएच १२, एमएच १४, एमएच ०९. जा, ओळख काढा, उद्या झोजी-ला बरोबर ओलांडू का विचारा. लेहच्या होमस्टेंमध्ये पण नुब्रा किंवा पँगाँगपुरती सोबत शोधणारे लोक असतातच. वेळ कमी असतो म्हणून प्रश्न गाळू नका: उद्या किती वाजता निघणार, वेग किती, लेहला येऊन किती दिवस झाले, आत्ता तब्येत कशी आहे. लेहला आजच विमानाने उतरलाय आणि उद्याच खारदुंग-ला म्हणत असेल तर त्याला दोन दिवस थांबायला सांगा, तुमच्याकडे वेळ असेल तर तुम्ही पण थांबा.